शिंकेनं मोडलेला मणका आणि एका गोळीचे दोन भाव

शिंक

माझा मणका शिंकेनं मोडला. हे मी आजवर हजारभर माणसांना सांगितलं असेल. त्यातले नऊशे नव्व्याण्णव हसले. उरलेला एक हाडांचा डॉक्टर होता. त्यानं हसायचे वेगळे पैसे लावले असते, म्हणून बहुतेक हसला नाही.

लोकांचीही सगळी चूक म्हणता येत नाही. गावी, धावड्यात, माझी ख्याती अशी की मी ‘ऊन पडलंय’ म्हटलं तरी माणूस आधी बाहेर डोकावून येतो. लग्नाआधी मी एका हातानं विहिरीतून रेडकू वर काढलं होतं. कुणी म्हणतं ते कोकरू होतं. असेल. ओलं झाल्यावर रेडकाएवढंच जड लागत होतं. पुढं जालन्याला आलो आणि एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात मी सोळा वर्षं बी निवडलं. तिथं मी जेवढं बी हाताखालून घातलं तेवढ्यात अर्धा हिंदुस्थान पेरून झाला असता. पाठ मात्र कधी कुरकुरली नाही. म्हणून त्या दिवशी मी खरं बोलले तर कुणाला खरं वाटेना.

थंडीचे दिवस होते. सकाळी ठेच्यासाठी मिरच्या भाजत होते. ठसका लागला, जोराची शिंक आली, आणि पाठीत कट्कन वाजलं. हरभऱ्याचा वाळलेला घाटा पायाखाली आल्यावर वाजतो तसं. मी तव्यापुढंच वाकडी झाले.

“काय झालं?” मालकांनी विचारलं. ते भाकरी खायला बसले होते.

“अहो, मणका मोडला.”

“कशानं?”

“शिंकले.”

मालकांनी माझ्याकडं पाहिलं, मग सुनेकडं. “अनिता, चटणी वाढ. उद्या हिचा जांभईनं पाय मोडन.”

अकरा दिवस मी पडून होते. शेक झाला, तेल झालं. आणि बाराव्या दिवशी, ज्याचा मला आजही राग येतो ते झालं. आमच्याकडं कमरेत उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घेतात. जन्मताना ज्याचे पाय आधी आले तो पायाळू. त्यानं पाठीवर तीन लाथा मारल्या की उसण पळते म्हणतात. गल्लीतली एक सून पायाळू होती. चांगली धडधाकट पोरगी, माझ्यावर जीवही होता तिचा. मालकांनी तिला बोलावून आणलं. मला भिंतीला तोंड करून उभं केलं. तिनं पाया पडून, माफी मागून, मोडलेल्या मणक्यावर मोजून तीन लाथा घातल्या.

तिसऱ्या लाथेला मी जी ओरडले ती म्हणे रेल्वे स्टेशनात ऐकू गेली आणि हमालांनी पोती खाली ठेवली. त्यानंतर माझा मुलगा दत्ता रिक्षा घेऊन आला. तो लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला आहे, भट्टीजवळ. ड्युटी सोडून आला होता. “माय, आता फोटो काढू,” म्हणाला.

मोडलेल्या हाडाला आधी लाथ आणि मंग फोटो. ज्या बाया हे वाचून राह्यल्या असतील त्यांना हात जोडून सांगते: उलट्या क्रमानं करा.

फोटो

दवाखाना खाजगी होता, मोठा. तळमजल्यावर मेडिकल, वर डॉक्टर. डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला आणि म्हणाला, “हाडं ठिसूळ झालीत. एक मणका बसलाय.”

मी मालकांकडं पाहिलं. त्यांनी टोपी काढली आणि परत घातली. एवढीच माफी मागितली त्यांनी. मी तेवढीच घेतली, कारण पाठीत जादा ओझं उचलायची ताकद नव्हती.

“वय?” डॉक्टर.

“अठ्ठेचाळीस.”

“पाळी कधी गेली?”

“गेली न्हाई. काढली. बत्तिसाव्या वर्षी पिशवीच काढली.”

“का?”

आता ‘का’ काय सांगू. अंगावर जास्त जायचं. डॉक्टर म्हणाला काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल. त्या वर्षी आमच्या गल्लीत नऊ जणींच्या पिशव्या निघाल्या. एकीची निघाली की दुसरीला भ्या वाटायचं. पिशवीबरोबर आणखी काय काय काढलं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. टाके सुकले, आठ दिवसांत गोण्या उचलायला लागलो. बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. दर महिन्याची कटकट गेली.

“बीजकोशही काढलेत,” डॉक्टरनं जुना कागद बघून सांगितलं. “म्हणूनच हाडं एवढ्या लवकर गेली. त्याच वेळी काळजी घ्यायला पाहिजे होती.”

सोळा वर्षं. सोळा वर्षं माझी हाडं आतून पोखरली जात होती आणि ज्याला माहीत होतं त्यानं सांगितलं नाही. बैल विकताना सुद्धा माणूस सांगतो की बाबा, हा डाव्या पायानं जरा दबतो. मला कुणी एवढंही सांगितलं नाही.

मी डॉक्टरला विचारलं, “आता मोडलेलं जुळन का?”

“बसलेला मणका तसाच राहील. पुढचे मोडू नयेत म्हणून गोळी. आठवड्याला एक. काही वर्षं घ्यावी लागेल. बंद करायची नाही. खुब्याचं हाड मोडलं तर मग अवघड आहे.”

खुब्याचं हाड मोडलेली बाई मी पाहिली होती. माझी सासू. अंगणात पडली, ती परत उभी राहिली नाही. चार महिने आम्ही तिला कुशीवर फिरवत होतो आणि ती एकच म्हणायची, “मला उभं तरी करा.” ते ध्यानात आलं आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले, अजून राहता येतं का ते बघायला. दत्ता घाबरून पाणी आणायला पळाला.

गरम गोळी

खाली मेडिकलवर पट्टी मिळाली. पट्टीत चार गोळ्या. किंमत ऐकून मी त्याला म्हटलं, “भाऊ, हे सोन्याचे मणी हायेत का? मंग पोटात कशाला, गळ्यातच घालते.”

“हाडाच्या गोळ्या आहेत मावशी. चांगल्या कंपनीच्या.”

एका पट्टीत आमच्या घरचं महिन्याचं गोडं तेल आलं असतं, वर साखर. दत्तानं ओव्हरटाइम सुरू केला. भट्टीपुढं आठ तासांच्या जागी बारा. घरी यायचा तेव्हा भाजलेल्या वांग्यासारखा दिसायचा. अनिता काही बोलायची नाही, पण भांडी घासताना भांडी बोलायची. एकदा मी ऐकलं, ती दत्ताला म्हणत होती, “आत्याचं दुखणं खरं हाये, मला ठाव हाये. पण पोराच्या दुधाचं काय करू?”

त्या दुधाचीच गोष्ट सांगते आता. लाज वाटते, पण सांगते.

एवढी महाग गोळी म्हणजे गरम असणार, हे आमच्या घरात सगळ्यांना बराबर माहीत होतं. गरम औषध दुधाबरोबर घेतात. माझ्या आईनं तेच केलं, तिच्या आईनं तेच. म्हणून दर आठवड्याला अनिता पोराच्या वाटणीतलं एक पेलाभर म्हशीचं दूध तापवायची, वर साय घालायची, आणि मी ती गोळी दुधाबरोबर गिळून, अंगात मुरावी म्हणून परत आडवी व्हायची. छातीत जळायचं. मी म्हणायची, बघा, किती गरम हाये.

असे आठ महिने. एखादा आठवडा पैशापायी गोळी चुकायची. उरलेले सगळे दुधाबरोबर.

आठ महिन्यांनी मी पाण्याची कळशी उचलली आणि दुसरा मणका गेला. या वेळी घरात कुणी हसलं नाही.

पेन खाली ठेवणारी

खाजगीचा खर्चा आता झेपणार नव्हता. मालक म्हणाले, सरकारी दवाखान्यात जाऊ. सरकारी दवाखान्याचं वर्णन मी करणार नाही; केलं तर म्हणाल हिनं फुगवलं. एवढंच सांगते की केसपेपरच्या रांगेत मी उभी राहिले तेव्हा माझ्या पुढच्या बाईचं बाळ रांगत होतं, आणि खिडकीपाशी पोचेपर्यंत त्याला दोन दात आले.

आत एक डॉक्टरीण बसली होती. तरुण, बारीक, आवाज खणखणीत. तिनं सगळे कागद वाचले. हेच मला नवीन होतं.

“गोळी नीट घेता?”

“बराबर घेते. चुकली तर एखाद्या वेळी.”

“कशाबरोबर?”

“दुधासंगं. म्हशीच्या.”

तिनं पेन खाली ठेवलं.

“मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं नाही? ही गोळी सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर अर्धा तास काही खायचं नाही, आडवं व्हायचं नाही. ताठ बसायचं. दुधाबरोबर घेतली की दूधच तिला पोटात धरून ठेवतं. अंगाला लागतच नाही. आणि आडवं झालं की घशात जळतं.”

“म्हंजी आठ महिने?”

“जवळजवळ वाया.”

दत्ताचे ते बाराबारा तास मला दिसून राह्यले होते. पोराच्या तोंडचं दूध आणि बापाच्या अंगची कातडी, दोन्ही मी दर आठवड्याला एकत्र करून गटारात ओतलं होतं. कारण लिहून देणाऱ्याला एक वाक्य बोलायला वेळ नव्हता, विकणाऱ्याला गरज नव्हती, आणि पट्टीबरोबरचा कागद इंग्रजीत होता. त्या कागदाची घडी घालून मी टेबलाच्या पायाखाली लावली होती, टेबल डुगडुगायचं म्हणून. आठ महिन्यांत त्या कागदानं केलेलं तेवढंच काम.

डॉक्टरीण म्हणाली, “कॅल्शियम इथून फुकट मिळेल. ते दुपारी जेवणावर घ्या, या गोळीबरोबर नाही. आठवड्याची गोळी इथं येत नाही. पण मी कंपनीचं नाव लिहीत नाही, औषधाचं मूळ नाव लिहिते. अ‍ॅलेन्ड्रोनेट. हेच औषध पुष्कळ कंपन्या करतात. त्यातल्या काहींची गोळी दुकानदाराला बरीच स्वस्त पडते. छापील भावावर जाऊ नका. त्यावर ‘जास्तीत जास्त’ लिहिलेलं असतं, त्याच्या खाली विकायला कुणाची मनाई नाही. भाव करा.”

मी म्हटलं, “बाई, हे तुम्ही मोठ्यानं बोलून राह्यल्या. कुणी रागावन तुम्हाला.”

“रागावतात,” ती म्हणाली आणि पुढचा केसपेपर ओढला.

ढीग एकच

घरी पंचायत बसली. दत्ता म्हणाला, “माय, स्वस्त म्हंजी बोगस. धावड्याचं इसरली का?”

विसरले नव्हते. एका वर्षी आम्ही बाजारात स्वस्तातलं कपाशीचं बी घेतलं होतं, पावतीशिवाय. रान कोरं राहिलं. तक्रार घेऊन गेलो तर साहेब म्हणाला, पावती दाखवा. पावती नाही तर तुम्ही बी घेतलंच नाही. त्या वर्षी आमच्या वावरात जे काही उगवलं ते फक्त गवत आणि मालकांची दाढी.

पण मी सोळा वर्षं कारखान्यात काढली होती. तिथं काय चालायचं ते माझ्या हातानं केलेलं होतं. एकच ढीग, एकच लॉट. सकाळी त्यातलं बी हिरव्या थैलीत भरायचं, दुपारी पिवळ्या थैलीत. हिरवी एका कंपनीची, पिवळी दुसऱ्या. हिरवीवर हसऱ्या शेतकऱ्याचं चित्र होतं म्हणून ती महाग. बी बिचारं दोन्हीकडं तेच. त्याला ठाऊकही नसायचं आपण कुणाचे झालो.

मी दत्ताला म्हटलं, “थैली म्हंजी बी न्हाई. हे मला तू शिकवू नको.”

“बी उगवून बघता येतं माय. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, मोजायचे. गोळी कशी उगवून बघणार?”

पोरगं माझंच. तोडीस तोड बोललं. त्याचं उत्तर आणायला मी परत त्या रांगेत जाऊन उभी राहिले आणि डॉक्टरणीला तेच विचारलं. ती हसली, पण चांगलं हसली. म्हणाली, “गोणपाटात नाही उगवणार. पण बियाण्याच्या थैलीवर काय बघता?”

“कोण करतं त्याचं नाव, लॉट नंबर, तारीख. आन पावती.”

“पट्टीवर तेच बघा. कारखान्याचं नाव-पत्ता, लायसन नंबर, बॅच, तारीख. आणि पावती घ्याच. पावती देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. सहा महिन्यांनी, वर्षानं मी तुम्हाला तपासेन. तीच तुमची उगवण.”

एवढं सरळ आजवर माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. सोळा वर्षं मी थैल्यांवर लॉट नंबर शिवले होते. पट्टीवरचा बॅच नंबर मला चष्म्याशिवाय वाचता येतो.

अर्धा तास

दवाखान्याजवळच्या मेडिकलवर गेले. शेठनं कागद वाचला, मला खालून वर पाहिलं आणि दुसऱ्याच कंपनीची पट्टी काढली. नाव-पत्ता, लायसन, बॅच, सगळं ठीक. छापील भाव मात्र जवळपास पहिल्या पट्टीएवढाच.

“शेठ, हिचा भाव करा.”

“औषधात भाव होत नाही मावशी. छापलेलं आहे.”

“जास्तीत जास्त छापलंय. तेवढंच घ्या असं कुठं छापलंय?”

“भाजी नाही ही.”

“भाजी असती तर बरं झालं असतं. भाजीवाली निदान सांगते, वांग्यात कीड हाये.”

पट्टी छापील भावानं घ्यावी लागली. पण डॉक्टरणीनं सांगितलेला तो अर्धा तास माझ्या डोक्यात बसला होता. ताठ बसायचं. कुठं बसायचं ते तिनं सांगितलं नव्हतं. शेठच्या दुकानापुढं गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं होतं.

पुढच्या सोमवारी सकाळी दुकान उघडताच मी बाकड्यावर हजर. अनशापोटी. शेठकडूनच पेलाभर साधं पाणी मागितलं, गोळी गिळली आणि बसले ताठ, एरंडाच्या झाडासारखी.

“मावशी, घरी घ्या ना.”

“घरी पलंग हाये शेठ. दिसला की आडवं व्हावं वाटतं. डॉक्टरीण म्हणाली आडवं व्हायचं न्हाई.”

अर्धा तास माणूस गप्प कसा बसणार? मी बोलायला लागले. कुणी खोकल्याचं घ्यायला आलं, कुणी तापाचं. येईल त्याला माझ्या मणक्याची गोष्ट. बी आणि थैलीची गोष्ट. आणि छापील भाव म्हणजे काय, त्याच्या खाली ‘जास्तीत जास्त’ का लिहिलेलं असतं, त्याची गोष्ट. दुसऱ्या सोमवारी माणसं थांबून ऐकायला लागली. तिसऱ्या सोमवारी समोरचा चहावाला त्याच्या गिऱ्हाइकांना कपासकट आमच्याकडं पाठवत होता. मी जरा जास्तीच सांगितलं असेल; एकदा म्हटलं की शेठच्या तिजोरीला रात्रीतून वेत झालं आणि सकाळी दोन पिल्लं निघाली. पण भाव मी फुगवला नाही. त्या भावातच आणखी फुगायला जागा उरली नव्हती.

चौथ्या सोमवारी शेठनं मला आत बोलावलं. हळू आवाजात म्हणाला, “मावशी, तुम्हाला तिसऱ्या हिश्शात देतो. फक्त तुम्हाला. पण हे बाकडं सोडायचं आणि कुणाला सांगायचं नाही.”

“पावती?”

त्यानं कपाळाला हात लावला. “देतो पावती. पण तोंड बंद.”

तिसरा हिस्सा. म्हणजे दत्ताचा ओव्हरटाइम सुटला. पोराचं दूध सुटलं. मी हो म्हटलं. एका दमात हो म्हटलं.

तोंडाला टाका

हे मी लिहिलं नसतं तर चाललं असतं, पण मग बाकीचं लिहून काय उपयोग.

दुसऱ्या महिन्यात एका सोमवारी, माझ्या दुसऱ्या पट्टीत एकच गोळी उरली म्हणून पुढची सांगून ठेवायला गेले तर दुकानात एक म्हातारी उभी होती. साळूबाई नाव, अंबडकडची. मेंढ्यावाल्यांच्या घरातली, डोक्यावर पदर, पाठीला चांगलं बाक आलेलं. तिच्या हातात तोच कागद, तेच मूळ नाव. शेठनं कात्रीनं पट्टीतली एक गोळी कापून दिली. एकच. कारण चारचे पैसे तिच्याकडं नव्हते. आणि त्या एका गोळीचे त्यानं छापील भावानं पैसे घेतले. माझ्या भावानं तेवढ्यात तीन गोळ्या आल्या असत्या.

तिनं लुगड्याच्या कनवटीतून पैसे सोडले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “लई महाग हाये वो. तुमाला बी एवढ्यालाच पडती का?”

मी मान हलवली. कोणत्या बाजूला हलवली ते मला आजही सांगता येत नाही. ती गेली.

घरी येऊन मी तीन दिवस कुणाशी बोलले नाही. अनितानं कपाळाला हात लावून पाहिला. मालकांनी विचारलं, “अगं, एखादी थाप तरी मार.” मला माझाच राग येत होता. पिशवीवाल्यानं मला सांगितलं नाही, पहिल्या डॉक्टरनं सांगितलं नाही, पहिल्या मेडिकलवाल्यानं सांगितलं नाही, आणि मी त्यांच्या नावानं आठ-आठ दिवस बोटं मोडली होती. आता मलाही माहीत होतं आणि मीही सांगितलं नव्हतं. रांगेत मी चौथी.

आठवड्याची गोळी म्हणजे साळूबाई सोमवारी येणारच. मी आधी जाऊन बसले. ती आली, शेठनं कात्री काढली.

“साळूबाई, थांबा,” मी म्हटलं. “मला ही तिसऱ्या हिश्शात मिळती. ही पावती.”

शेठचा चेहरा उतरला. “मावशी, आपलं ठरलं होतं.”

“ठरलं होतं. मी मोडलं. माझं आजकाल सगळंच मोडतं.”

“मग आजपासून तुम्हालाही छापील भाव.”

“चालन.”

चालणार नव्हतं. पट्टीतली शेवटची गोळी मी त्याच सकाळी घेतली होती. पुढच्या आठवड्याचं काही खरं नव्हतं आणि सासूचा आवाज कानात होता. पण माझ्या हातात दोन पावत्या होत्या. शेठच्या दुकानाचं नाव, माझं नाव, औषधाचं नाव, बॅच, भाव, सही, सगळं छान अक्षरात. बियाण्यापायी लागलेली खोड. पावती घेतल्याशिवाय माझा हात दुकानातून मागं येत नाही.

साळूबाईला घेऊन मी जुन्या जालन्यात गेले. पहिल्या दुकानानं हाकललं. दुसऱ्यानं, औषध ठेवत नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्यापुढं मी सरळ पावती ठेवली. त्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली.

“ह्या भावानं दिली त्यानं?”

“दोनदा. सही हाये.”

त्यानं मागणीची वही ओढली. मग म्हणाला, “त्याला परवडतं तर मला न परवडायला काय झालं. उद्या मागवतो. पण दहा पट्ट्यांचा डबा येतो, तुम्ही दोघीच?”

मी म्हटलं, “भाऊ, ह्या जिल्ह्यात पिशव्या काढलेल्या बाया किती हायेत, माहीत हाये का? तुम्ही डबा मागवा. कागद डॉक्टरणीकडून मी लिहून आणवते एकेकीला.”

झेरॉक्स

डबा आठ दिवसांत संपला. तो येईपर्यंत माझी एक गोळी चुकली, एकच. साळूबाई आता पट्टी घेते. पाठीचा बाक गेला नाही, जाणारही नाही, पण ती म्हणते त्यात भर पडली नाही. डॉक्टरणीनं मला वर्षानं तपासलं, नवा फोटो काढला आणि सांगितलं, नवीन काही मोडलेलं नाही. मी कळशी उचलत नाही, अर्धी बादली उचलते. मालक उचलतात पूर्ण. ते स्वतः म्हणतात की आपण ह्या वयात डोंगर उचलू शकतो, संगतीचा परिणाम.

पावतीची पहिली झेरॉक्स मी साळूबाईला काढून दिली, तिच्या जावेसाठी. तिथून ती कुठं कुठं गेली मला माहीत नाही.

मागच्या महिन्यात जांब समर्थला दर्शनाला गेल्ते. पायऱ्यांशी टेकले होते. शेजारी एक अनोळखी बाई येऊन बसली. माझ्या कमरेला बांधलेला मणक्याचा पट्टा पाहून म्हणाली, “मावशी, हाडाची गोळी घेता का?”

“घेते.”

तिनं पिशवीतून एक कागद काढला. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. सगळं पुसट झालेलं, भाव तेवढा वाचता येत होता. “एवढ्याच भावानं घ्या. ज्यादा बिलकुल देऊ नका. आन दुकानदार न्हाई म्हणला तर हे दाखवा. जालन्याच्या एका बाईनं आणला हा भाव.”

“कसा काय आणला?”

“म्हंत्यात, लई आडदांड बाई हाये. दुकानात शिरली, शेठला खाली पाडला आन त्याच्या छातीवर अर्धा तास बसली ताठ. मंग दिला त्यानं.”

मी कागद हातात घेतला. भावाच्या बाजूला माझं नाव होतं तिथं आता नुसता काळा डाग होता.

“अर्धा न्हाई, चांगला पाऊण तास,” मी म्हटलं. “मी पाहिलंय. आन एवढं करूनही पट्टीवरचा छापील भाव अजून तोच हाये.”